गाणे हे एकट्या कानाचे वतन नव्हे

संगीताविषयी अधिकारवाणीने बोलण्याचा मक्ता ज्यांनी कोणाची सनद न घेता स्वतःकडे घेतला आहे, अशा एका विद्वान गृहस्थांचा लेख अलीकडे आमच्या वाचनात आला; आणि तो वाचून मनाची जी चडफड झाली ती यथाकाल आपोआप शमेल ही अपेक्षा फोल ठरल्यामुळे हा लेखनप्रपंच करावा लागत आहे. गृहस्थांचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही, कारण हे मत त्यांचे एकट्याचे नाही; ते निवृत्तांच्या बैठकीत, ग्रंथालयांच्या वाचनकक्षात आणि विवाहसमारंभातील पंगतींत आम्ही निरनिराळ्या तोंडांतून ऐकत आलो आहोत, आणि प्रत्येक वेळी ते सांगणाऱ्याच्या मुद्रेवर, सृष्टीचे एखादे गूढ आपणच प्रथम उकलले असल्याचे समाधान विलसत असलेले पाहत आलो आहोत.

त्यांची कैफियत थोडक्यात अशी. एखादा अप्रसिद्ध रॉक अथवा पॉप बँड ज्याला म्युझिक व्हिडिओ पाहून सापडतो, त्याला तो बँड सापडलेलाच नसतो. त्याला सापडते ती केवळ चित्रफीत. नेत्र हे इंद्रिय उद्दाम आणि कान हे इंद्रिय विनयशील. दोघे एकत्र आले की नेत्र यजमान होऊन बसतो आणि कानास आश्रिताप्रमाणे दाराशी उभे राहावे लागते. शिवाय असे व्हिडिओ ज्यांच्याजवळ पैसा आहे तेच बँड करतात. ते आपल्यापुढे येतात ते आपल्या शोधाने नव्हे, तर यंत्राच्या शिफारशीने. पाहणारा अर्ध्या मिनिटात पुढे सरकतो. आणि हा सर्व प्रकार परकीय आहे तो आहेच. यावर उपाय म्हणून दिवा मालवावा, डोळे मिटावे आणि ध्वनिमुद्रिका आरंभापासून अखेरपर्यंत ऐकावी, व ज्यांस हे साधत नसेल त्यांनी संगीताच्या वाटेस जाऊ नये, असे फर्मान शेवटी सोडले आहे. लेखात आणखीही पुष्कळ आहे. परंतु तो मजकूर बहुतांशी लेखकाच्या संग्रहातील ध्वनिमुद्रिकांच्या संख्येविषयी असल्यामुळे त्याचा परामर्श घेण्याचे कारण नाही.

हा दिवा मालवण्याचा उपदेश ज्या शहरातून झाला, तेथे ध्वनिमुद्रिकांची दुकाने होती, मोठी सभागृहे होती आणि परदेशांतून आलेल्या नातलगांच्या पेट्यांतून उतरणाऱ्या कॅसेटीही होत्या. आम्ही राहतो राजगढला. पुण्याजवळचा शिवछत्रपतींचा किल्ला तो नव्हे. धार जिल्ह्याच्या सरदारपूर तहसिलीतले, इंदूरहून अहमदाबादेकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, ज्याच्या शेजारी मोहनखेड्याचे जैन तीर्थ आहे आणि जेथे सात खंडांच्या ‘अभिधान राजेंद्र’ कोशाचे कर्ते आचार्य राजेंद्रसूरी 1906 साली निवर्तले, ते हे राजगढ. सात खंडांचा प्राकृत कोश रचणाऱ्या पुरुषाची समाधी येथे आहे. रॉक संगीताची ध्वनिमुद्रिका विकणारे दुकान येथे कधी नव्हते. पवारांच्या आणि शिंद्यांच्या अमदानीपासून माळव्यात स्थायिक झालेली आमच्यासारखी जी मराठी कुटुंबे धार, देवास, इंदूर आणि आसपासच्या कसब्यांतून विखुरलेली आहेत, त्यांच्या घरांत पेटी होती, तबला होता, नाट्यपदांच्या वह्या होत्या. परंतु शिलाँगला ब्लूज गाणारी माणसे राहतात किंवा मंगोलियात घोड्याच्या केसांच्या तारांवर रॉक वाजवतात, ही वार्ता तेथवर पोचविणारे कोणतेही साधन नव्हते. ते साधन पुढे आले ते पडद्यावरून आले. ज्याच्या दारापर्यंत एकच वाट येते, त्याला ती वाट अशुद्ध आहे असे सांगणे फार सोपे असते, विशेषतः सांगणाऱ्याच्या स्वतःच्या घराला चार दरवाजे असताना.

असो. या सर्व आक्षेपांत नेत्र आणि कान यांच्या भांडणाचा जो आक्षेप आहे, तो आम्हांस विशेष प्रिय आहे. कारण तो दिसावयास सर्वांत शास्त्रीय आणि आतून सर्वांत पोकळ आहे. म्हणून बाकीच्यांना थोडा वेळ ओसरीवर बसवून आधी त्याचाच समाचार घेतो.

न पाहता गाणे ऐकणे ही जी शुद्ध आणि सनातन वहिवाट म्हणून सांगितली जाते, तिचे वय किती? 1902 सालच्या नोव्हेंबरात कलकत्त्यास फ्रेड गाइसबर्ग यांनी गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवले. त्याच्या आगेमागे आलेल्या या यंत्रांपूर्वी, भिंतीआडून किंवा वाटेने जाताना कानी पडणारे सूर सोडले तर, गाणारा समोर नसताना त्याचे गाणे ऐकण्याची सोय या देशात राजालाही नव्हती आणि रंकालाही नव्हती. त्या आरंभीच्या तबकड्यांत गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत आपले नाव उच्चारते. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत, आणि कोणती कोणाची हे तेथील कारागिरांना उमगावे म्हणून ही योजना होती. या व्यावहारिक तपशिलातच आमचा सारा मुद्दा आलेला आहे. जिला बैठकीत बसल्यावर आपले नाव सांगण्याची आवश्यकता कधी पडली नसती, तिचा चेहरा यंत्राने काढून घेताच तिला स्वतःचे नाव ओरडून सांगावे लागले. गाणाऱ्याचा देह गाण्यापासून वेगळा झाला तो त्या दिवसांत. त्या विच्छेदाची तीन-चार पिढ्यांना सवय झाली. आणि आता ती सवयच धर्म म्हणून आमच्यापुढे ठेवण्यात येत आहे. आमच्या प्रतिपक्षाला यंत्राचा एवढा तिटकारा आहे, परंतु ज्या एकांतश्रवणाची ते आरती ओवाळतात ते श्रवणही एका यंत्राचेच अपत्य आहे, ही गोष्ट त्यांच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

यंत्रापूर्वी आपल्याकडे गाणे कसे होते ते पाहू. कीर्तनकार उभा राहून कीर्तन करतो, बसून नव्हे. त्याचा अंगरखा, त्याचे उपरणे, आख्यानात रावण आला की ताठ होणारी मान आणि सीता आली की खाली वळणारी दृष्टी, हे सर्व कीर्तनाच्या बाहेरचे आहे असे म्हणावयास कोणी धजेल काय? गोंधळ्याच्या संबळाबरोबर दिवटी असते, ती अंधारात वाट दिसावी एवढ्याचसाठी नव्हे. बैठकीची लावणी बसून गातात आणि तीत पाय हलत नाहीत, म्हणून तर सारी अदा मुद्रेवर आणि बोटांवर येते; एकच ओळ पुनःपुन्हा घेऊन प्रत्येक वेळी तिचा निराळा भाव चेहऱ्यावर दाखविणे हेच त्या कलेचे मर्म आहे, आणि डोळे मिटून तिचे श्रवण करणारा रसिक हा रसिक नसून पाहुणचारास नकार देणारा पाहुणा ठरेल. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यास किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून महाराष्ट्राने आपले लाडके गाणे रंगवलेल्या पडद्यासमोर, भरजरी वस्त्रांत, दिव्यांच्या झगमगाटात उभे केले. बालगंधर्वांच्या गाण्याबरोबर त्यांच्या शालूंची आणि दागिन्यांची चर्चा घरोघर होत असे व त्यांच्या नेसण्याचे अनुकरण कुलीन स्त्रिया करीत, ही गोष्ट आमच्या प्रतिपक्षाच्या आजोबांनी त्यांना सांगितली असेलच. त्या शालूमुळे बालगंधर्वांचा स्वर कोणाच्या कानांतून निसटला? 1936 साली प्रभातच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटात विष्णुपंत पागनीस उभे राहिले, आणि पुढे कित्येक मराठी घरांत तुकोबांची मूर्ती म्हणून जी डोळ्यांपुढे येते ती पागनिसांचीच होऊन बसली. तेथे नेत्राने कानावर जुलूम केला अशी फिर्याद कोणी केल्याचे ऐकिवात नाही. तोच प्रकार एखाद्या गिटार वाजविणाऱ्या पोराने केला म्हणजे मात्र सौंदर्यशास्त्र जागे होते.

आणि आमच्या माळव्याविषयी तर बोलावयासच नको. येथल्या चित्रकारांनी रागांची चित्रे काढली. 1680 साली नरस्यंग शहर येथे माधोदास नावाच्या चितेऱ्याने रंगवलेली रागमाला आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. गडद रंगांच्या सपाट पार्श्वभूमीवर नायक, नायिका, झाड, मेघ, मोर यांची मांडणी करून त्याने राग डोळ्यांपुढे आणले. रागाला रूप असते, वस्त्र असते, प्रहर असतो, ही कल्पना ज्या प्रदेशात भिंतीवर आणि कागदावर नांदली, त्या प्रदेशातील माणसाने गाण्याबरोबर चित्र पाहिले तर तो भ्रष्ट झाला म्हणे! प्रतिपक्षाच्या न्यायाने माधोदासाचे कुंचले जप्त करावे लागतील आणि त्याच्या धन्यालाही समन्स पाठवावे लागेल.

प्रतिपक्षाने आपल्या समर्थनार्थ कुमार गंधर्वांचा दाखला दिला आहे, आणि हा त्यांच्या लेखातील एकमेव दाखला असा आहे की ज्याला उत्तर देताना आम्हांस थोडे थांबावे लागले. कुमारजी क्षयाच्या आजारात हवापालटासाठी 1948 साली देवासला आले, अंथरुणावर पडून त्यांनी माळवी लोकगीते कानांत साठवली, आणि त्या श्रवणातून पुढे त्यांच्या गायकीने नवे वळण घेतले. तेव्हा पाहा, न पाहता ऐकण्याचे फळ केवढे, असा त्यांचा निष्कर्ष. दाखला उत्तम आहे, निष्कर्ष मात्र तसा नाही. कुमारजींच्या खिडकीपलीकडून ज्या बायका गात जात त्या त्यांच्याच गावच्या होत्या, ती जत्रा त्यांच्याच टेकडीवरची होती आणि ज्या ऋतूत त्या गात तो ऋतू त्यांच्याही अंगणात उतरलेला होता. राजगढच्या मुलाच्या खिडकीखालून शिलाँगचा ब्लूज जात नाही. तो जावयास हवा असेल तर ती खिडकी कोठूनतरी आणून बसवावी लागते. आणि तशी ती बसवली, म्हणजे तिच्यातून रुडी वालांग गिटार वाजवताना आणि टिप्रिती खारबांगर गाताना दिसतात, सोलमेट नावाचा एक बँड ईशान्येच्या डोंगरांत 2003 पासून आहे हे समजते, आणि इंग्रजी ब्लूज गाणारी ती स्त्री आपल्याच देशाची नागरिक आहे या साध्या वस्तुस्थितीचा बोध होतो. नुसत्या आवाजावरून हा बोध आमच्या प्रतिपक्षाला झाला असता, असे आम्हांस तरी वाटत नाही.

याच आक्षेपाची आणखी एक बाजू आहे. नेत्र कानाला झाकतो असे म्हणणाऱ्यांनी, नेत्र कानाला शिकवतो याचा अनुभव कधी घेतलाच नसेल काय? उलानबातरचा ‘द हू’ हा बँड 2018 च्या उत्तरार्धात ‘युवे युवे यू’ आणि ‘वुल्फ टोटेम’ या दोन व्हिडिओंमुळे जगापुढे आला. त्यांचा ‘द गेरेग’ हा पहिला संग्रह त्यानंतर, 2019 सालच्या सप्टेंबरात निघाला. म्हणजे आधी चित्र आणि मागाहून ध्वनिमुद्रिका, हा क्रम येथे अक्षरशः घडला. त्यातील गाणाऱ्याच्या कंठातून एकाच वेळी खर्ज आणि त्यावर तरंगणारा शीळवजा स्वर निघतो, आणि मोरिन खूर या दोन तारांच्या, माथ्यावर घोड्याचे मस्तक कोरलेल्या वाद्यावर गज फिरतो. हे प्रथम नुसते ऐकणारा मनुष्य तो खर्ज एखाद्या विद्युत्-यंत्राचा मानील आणि ते वाद्य व्हायोलिनच्या जातीचे समजून पुढे जाईल. डोळ्यांनी गळा पाहिला, गज पाहिला, तारेवरचे बोट पाहिले, म्हणजे पुढच्या वेळी कानाला तो स्वर वेगळा काढता येतो. आमच्याकडे शिष्य गुरूच्या समोर का बसतो, पाठीमागे का बसत नाही, याचे उत्तर प्रतिपक्षाने सवडीने द्यावे.

येथे एका जुन्या वादाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पेटी या वाद्याला एके काळी आपल्या नभोवाणीवरून हद्दपार करण्यात आले होते. तिच्यात श्रुती नाहीत, ती परकीय आहे, ती गळ्याला बिघडवते, असे तिच्यावरचे आरोपपत्र होते, आणि ते सही करणारे हात विद्वानांचे होते. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांनी चित्रपटगीतांवरही तशीच वक्रदृष्टी फिरली. परिणाम काय झाला? श्रोत्यांनी निमूटपणे काटा फिरवला आणि समुद्रापलीकडच्या एका केंद्राला तो लावला. ज्यांच्या अभिरुचीचे रक्षण करावयाचे होते ते रक्षकांना सोडून दर आठवड्याला सिंहलद्वीपाकडे कान लावून बसू लागले. पेटी तर आज ज्यांनी तिला हाकलले त्यांच्या शिष्यांच्या साथीला आहे. त्याच्याही आधी, नाटकांत पदे किती असावीत आणि वन्समोअर घ्यावा की घेऊ नये यावर आपल्या नियतकालिकांतून जी रणे माजली, त्यांतील एका पक्षाचे म्हणणे असे होते की पदांमुळे नाटक मरते, आणि दुसऱ्या पक्षाचे असे की नाटकामुळे पद बाटते. दोघेही पक्ष आपापल्या जागी गेले. पदे मात्र अजून गायली जातात. दर तीस-चाळीस वर्षांनी कोणीतरी उठून अमुक साधनाने संगीत बुडाले असे जाहीर करतो, आणि नंतरच्या तीस-चाळीस वर्षांत त्या साधनाने आलेले संगीत हेच खरे जुने संगीत म्हणून त्याचा नातू मिरवतो. आमच्या प्रतिपक्षाला ज्या ध्वनिमुद्रिकांचा एवढा अभिमान आहे, त्यांच्याविषयी त्यांच्या आजेगुरूंचे काय मत होते हे विचारण्याचा मोह आम्ही आवरतो.

त्यांनी कदाचित असेही म्हणावे, किंबहुना म्हटलेच आहे, की पाश्चात्य देशांतही चित्राने गाण्याचा घात केला हे तेथील लोकांनाच मान्य आहे. खरे आहे, आणि ते त्यांनी गाऊन सांगितले आहे. 1 ऑगस्ट 1981 रोजी एम.टीव्ही या वाहिनीने आपले पहिले गाणे दाखवले ते बगल्स या बँडचे, आणि त्याचा आशयच मुळी व्हिडिओने रेडिओच्या गायकाचा निकाल लावला असा होता. तक्रारीचा पहिला अर्जच प्रतिवादीच्या कचेरीत, त्याच्याच कागदावर दाखल झाला. नॉर्वेच्या आ-हा या बँडचे ‘टेक ऑन मी’ 1984 साली एकदा प्रसिद्ध होऊन पडले. नव्याने ध्वनिमुद्रित करून आणि स्टीव्ह बॅरन यांनी केलेला, पेन्सिलीच्या रेखाचित्रांतून हात बाहेर येणारा तो व्हिडिओ जोडून 1985 साली पुन्हा आले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. चित्राने गिऱ्हाईक दुकानात आणले हे आम्ही बिनतक्रार मान्य करतो. पण त्या गाण्यात शेवटी गायकाचा आवाज ज्या उंचीवर जातो ती उंची पेन्सिलीने काढता येत नाही, आणि चाळीस वर्षांनंतर लोक स्वयंपाकघरात जे गुणगुणतात ते रेखाचित्र नव्हे.

आता ओसरीवर बसलेल्या बाकीच्या आक्षेपांना निरोप देऊ.

व्हिडिओ पैसेवालेच करतात, हा आक्षेप: ओके गो या बँडने 2006 साली व्यायामाच्या आठ सरकत्या पट्ट्यांवर नाचत, कोठेही न तोडता एका दमात ‘हिअर इट गोज अगेन’ चित्रित केले, आणि त्याला पुढे ग्रॅमी मिळाले, तेथे पैशापेक्षा तालमीचा खर्च अधिक झाला होता. यंत्राची शिफारस, हा आक्षेप: नभोवाणीवर काय वाजावे हे ठरवणारा अधिकारी आम्ही निवडून दिला नव्हता. अर्ध्या मिनिटात पुढे जाणारे लोक: ते मैफलीतूनही पहिल्या ख्यालानंतर चहाला उठत असत. परकीयत्व: धारच्या कोणत्याही वरातीपुढे ट्रंपेट आणि ड्रम वाजवणाऱ्या गणवेशधारी बँडला विचारावे.

पाडण्याचे काम झाले; आता काही उभारावे हे न्यायाचे. आमची मांडणी लहान आहे आणि ती आम्ही ज्या गावांतून लिहितो त्या गावांच्या अनुभवावर बेतलेली आहे.

पहिली गोष्ट अशी, की आडगावच्या माणसाला म्युझिक व्हिडिओने जी ओळख करून दिली ती पुष्कळदा दूरची नसून जवळची निघाली. उज्जैन जिल्ह्यातील लूनियाखेडीचे प्रल्हादसिंह टिपाणिया तंबुऱ्यावर माळवी ढंगाने कबीर गातात. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे गाव देवासहून फार दूर नाही. तरीही आमच्या मराठी घरांतील तरुण पिढीने त्यांचे गाणे मन लावून ऐकले ते केव्हा? मुंबईच्या नीरज आर्य यांचा कबीर कॅफे हा बँड टिपाणियांकडून प्रेरणा घेऊन तीच भजने गिटार, मँडोलिन आणि व्हायोलिनच्या साथीने गाऊ लागला, त्यांचे व्हिडिओ मोबाइलवर आले, आणि मग हे शब्द तर आपल्या रस्त्यावरचे आहेत असे लक्षात येऊन मुले मागे वळली. माळव्याचे भजन मुंबईला जाऊन, विजेच्या तारांतून, माळव्याला परत आले. ही आमच्या अभिरुचीची नामुष्की आहे असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही; परंतु ती दुरुस्त झाली ती कोणाच्या लेखाने नव्हे.

तीच गोष्ट नर्मदेची. धार जिल्ह्याच्या दक्षिणेला नर्मदा वाहते, आणि तिचे स्तवन येथे परकम्मावासींच्या तोंडी सदैव असते. दिल्लीच्या इंडियन ओशन बँडचे ‘माँ रेवा’ हे गाणे 2000 साली ‘कांदिसा’ या संग्रहात आले. त्यातील बास गिटार वाजवणारे राहुल राम काही वर्षे नर्मदा आंदोलनात वावरलेले होते. दिल्लीत हा बँड प्रसिद्ध होता. राजगढात त्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते. नर्मदामाईचे स्तवन बास गिटारच्या ठेक्यावर दाढीवाला मनुष्य डोळे मिटून गातो आहे हे दृश्य पडद्यावर पाहून येथल्या वडीलधाऱ्यांच्या भुवया प्रथम उंचावल्या, आणि थोड्याच वेळात त्यांची बोटे गुडघ्यावर पडू लागली. 2010 साली जयदीप वर्मा यांनी या बँडवर केलेला ‘लीव्हिंग होम’ हा अनुबोधपट ज्यांनी पाहिला, त्यांना चार माणसे एका खोलीत बसून एखादे गाणे कसे घडवतात हेही दिसले असेल. मराठीच्या बाबतीत मुंबईचा अभंग रिपोस्ट हा तरुणांचा बँड अभंग गिटार आणि ड्रमच्या साथीने म्हणतो; माळव्यातील ज्या मराठी मुलांच्या तोंडी घरात निम्मी हिंदी असते, त्यांच्यापैकी काहींना तुकोबांचा अभंग प्रथम याच रूपाने भेटला. त्यांनी तो गाथेतून प्रथम वाचावयास हवा होता, हे तत्त्वतः योग्यच आहे. गाथा कपाटात होती.

याच्या पलीकडे जाणारा मुलगा पुढे कोठेही जातो. केरळचे थाइक्कुडम ब्रिज 2013 साली दूरचित्रवाणीवरच्या कार्यक्रमातून गाजले. दिल्लीचे ब्लडीवुड हे तरुण 2018 साली ‘अरी अरी’मध्ये पंजाबी लोकगीतावर हेवी मेटल रचून, पुढच्याच वर्षी जर्मनीत वाकेनच्या महोत्सवात जाऊन उभे राहिले. ज्यांनी नव्वदीच्या दशकात केबलच्या तारेवरून युफोरिया आणि सिल्क रूट पाहिले, त्यांना हा क्रम नवीन नाही. आणि त्याही आधी, मुंबईच्या रॉक मशीनने इंडस क्रीड हे नाव धारण करून ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओच्या बळावर 1993 साली एम.टीव्हीचा आशियाई प्रेक्षकपसंतीचा सन्मान मिळवला होता. उदय बेनेगल आणि महेश तिनईकर ही नावे त्या काळी धारला कोणी कशाने ऐकली असती?

दुसरी गोष्ट, आणि ही थोडक्यात सांगतो: व्हिडिओ हा आरंभ आहे, अखेर नव्हे, असे आम्हीही मानतो. आमचा शिरस्ता असा की नवा बँड पडद्यावर भेटला तर प्रथम तो पुरता पाहावा. मग मोबाइल उपडा ठेवून तेच गाणे नुसते ऐकावे. त्यात जे उरले ते त्या बँडचे आणि जे गळाले ते छायाचित्रकाराचे. नंतर वादकांची नावे वाचून त्यांतला ड्रम वाजवणारा आणखी कोणाबरोबर वाजवतो हे शोधावे, म्हणजे एका बँडामागून दुसरा सापडतो, आणि त्या दुसऱ्याचा व्हिडिओ नसला तरी तो सापडतो. प्रतिपक्षाचे दिवा मालवून ऐकणे यात येतेच. ते फक्त दुसऱ्या क्रमांकावर येते. एवढ्या क्रमपालटासाठी त्यांनी तीन पाने खर्ची घातली, याचे आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटते.

वाचकांस एवढीच विनंती, की ज्यांच्या घरी वीस-पंचवीस वर्षांची मुले आहेत त्यांनी एखाद्या संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून, त्यांना अलीकडे कोणता बँड सापडला हे विचारावे आणि त्याचा व्हिडिओ आरंभापासून शेवटपर्यंत, मध्ये उपदेश न करता, पाहावा. आमच्या प्रतिपक्षासही हेच निमंत्रण आहे. पाहिल्यावर तो त्यांना आवडला नाही तर त्यांनी त्यावर अवश्य कडक लेख लिहावा. आम्ही तो छापील अक्षरांत वाचू आणि जरूर तर उत्तरही देऊ. मागच्या लेखात त्यांनी एकाही व्हिडिओचे नाव दिलेले नाही.